देवाचे प्रेम आणि अटीचा आक्षेप

नर्सी नामदेव आणि औंढा नागनाथ ज्या हिंगोली जिल्ह्यात आहेत, तिथल्या माणसाला भक्ती नव्याने शिकवायची गरज नाही. म्हणूनच आमच्याकडे प्रवचनांत, पारावर आणि शिकल्यासवरल्यांच्या बोलण्यात सारखे कानी पडणारे एक मत तपासायला हीच जागा योग्य वाटते. मत असे: विठ्ठलाचे प्रेम निरपेक्ष, ख्रिस्ती देवाचे अटीचे. तिथे आधी 'मानतो' म्हणायचे, बाप्तिस्मा घ्यायचा, मग प्रेम मिळायचे. न मानणाऱ्याला नरक. आणि एकदा मानले की आचरण कसेही असो, स्वर्ग ठरलेला.

मी ख्रिस्ती नाही, होण्याचा विचारही नाही. पण नवा करार प्रेमाने वाचला आहे, आणि प्रेमाने वाचलेल्या ग्रंथाबद्दल चुकीचे बोलले गेले तर गप्प बसवत नाही.

प्रतिपक्ष दुबळा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटी विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचे तारण आणि न धरणाऱ्याला दंड, असे स्वच्छ विधान आहे. इ. स. ३२५ मध्ये निकाया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने श्रद्धेची कलमे ठरवली आणि वेगळे मानणाऱ्यांना बाहेर काढले. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी मराठीत वाटलेल्या कित्येक पुस्तिकांत नरकाची भीती भरपूर आहे. शिवाय दुष्काळात अन्नाबरोबर धर्म आला, हा आरोप आहेच. एवढे पाहून कोणी 'हा सौदा आहे' म्हणाला तर तो मूर्ख ठरत नाही. घाईत मात्र ठरतो.

मार्काचे वचन प्रथम घेऊ. सोळाव्या अध्यायातील नवव्या ओवीपासून पुढचा हा भाग सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातील दोन्ही थोर हस्तलिखितांत नाही. तो मागून जोडला गेला, हे आज बहुतेक ख्रिस्ती पंडितच सांगतात. पण या पाठभेदाच्या आडोशाला मी लपणार नाही. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातही न मानणाऱ्याच्या दंडाची भाषा आहे, आणि त्या अध्यायाबद्दल असा संशय नाही. प्रश्न एवढाच की आक्षेपक अठराव्या ओवीवर का थांबतात? एकोणिसावी ओवी दंडाचा अर्थ सांगते: प्रकाश आला, पण माणसांना अंधार प्रिय वाटला, कारण त्यांची कृत्ये वाईट होती. एकविसावी म्हणते की सत्य आचरणारा प्रकाशाकडे येतो. इथे मताची परीक्षा कुठे आहे? परीक्षा आहे ती तोंड कुठे वळवले याची. अर्धे वाक्य वाचून न्याय द्यायचा नसतो.

आता मूळ मुद्दा, क्रमाचा. आधी श्रद्धा आणि मग प्रेम, असा क्रम आक्षेपक गृहीत धरतात. नवा करार नेमका उलटा क्रम लावतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल सांगतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. सुधारल्यावर नाही, मान्य केल्यावरही नाही. योहानाचे पहिले पत्र आपल्या प्रेमाचे कारणच हे देते की देवाने आधी प्रेम केले. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या मुलाची गोष्ट मराठी शाळांतूनही सांगितली जाते, पण तिचा बारकावा निसटतो. मुलगा क्षमायाचनेचे वाक्य घोकत येतो. बाप त्याला दुरूनच पाहतो, धावत जातो आणि मिठी मारतो. वाक्य त्यानंतर उच्चारले जाते, आणि तेही पूर्ण होण्याआधीच बाप झगा आणायला सांगतो. अट घालायची होती तर ती घालायला बापाने उसंत तरी घेतली असती.

हा क्रम आपल्याला परका वाटण्याचे काही कारण नाही. औंढ्याच्या देवळात कीर्तनाला मज्जाव झालेले नामदेव मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे वळले, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. देव आधी वळला. योग्यतेचा दाखला नामदेवांकडे कोणी मागितला नाही. हीच गोष्ट लूक सांगतो तेव्हा ती एकदम सौद्याची कशी होते?

'मानणे' हीच श्रद्धा, या समजुतीचे खंडन ख्रिस्ती ग्रंथातच, तेही जवळजवळ उपहासाने केलेले आहे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय म्हणतो की देव एक आहे हे भुतेसुद्धा मानतात, आणि थरथर कापतात. नुसत्या मान्यतेने तारण होत असते तर पहिला हक्क भुतांचा! गलतीकरांस लिहिताना पौलाने मोजमापच देऊन ठेवले आहे: प्रेमातून काम करते ती श्रद्धा.

याचा जिवंत पुरावा महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. आक्षेपकांच्या हिशेबाने सही झाली, प्रकरण संपले. प्रत्यक्षात त्यानंतर रमाबाई तिथल्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वर्षानुवर्षे भांडल्या. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, स्वतःच्या सदसद्विवेकाचा मान, काहीच त्यांनी निमूट गिळले नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये हा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला आहे. शंका असेल त्याने तो उघडून पाहावा. पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. सौदा करणारी बाई पावती हातात असताना असे म्हणेल का?

तेरला गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची मडकी तपासली आणि विठ्ठलाशी रोज बोलणाऱ्या नामदेवांनाच कच्चे ठरवले. विठ्ठलाचे प्रेम तेव्हाही कमी नव्हते. पक्केपणा प्रेमाच्या पोटी, विसोबा खेचरांच्या हाती, मागून आला. रमाबाईंची वाट निराळी असेल, तिचा चढ मात्र हाच आहे.

दुसरा आरोप नेमका पहिल्याच्या उलट आहे, हे आक्षेपकांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. एका श्वासात ते म्हणतात, अट फार कडक. दुसऱ्या श्वासात, कृपा फार स्वस्त, हवे तसे वागा. दोन्ही एकदम खरे कसे असेल? स्वस्त कृपेची खोड ख्रिस्ती समाजाला लागते हे खरे, पण तिच्यावर सर्वांत तीव्र प्रहार डिट्रिक बोन्होफर या जर्मन पाळकाने १९३७ मध्ये केला, आणि शिष्यत्वाची किंमत १९४५ च्या एप्रिलमध्ये फासावर चढून मोजली. कृपा आणि कृती यांवरून कॅथलिक आणि लूथरपंथीय चारशेहून अधिक वर्षे भांडले. हिंगोली जिल्हा झाला त्याच १९९९ साली त्यांनी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: स्वीकार केवळ कृपेने, आणि ती कृपा माणसाला सत्कृत्यांसाठी सज्ज करते. सत्कृत्य किंमत म्हणून नाही, फळ म्हणून. आता यात 'कसेही वागा' कुठे बसते, ते वाचकांनीच पाहावे.

अन्नासाठी धर्म या आरोपात तथ्याचा अंश आहे. मराठवाड्यात जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवले, त्यासाठी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात जमीन मिळाली, आणि तिथे आलेल्या दलित कुटुंबांना शेती आणि शाळा दोन्ही मिळाल्या. काहींचा ओढा जमिनीकडे असेलही. पण ज्याला विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते त्याने माणूस म्हणून वागवणाऱ्याच्या देवावर विश्वास ठेवला, तर त्याची श्रद्धा खोटी असे म्हणण्याचा अधिकार विहीर बंद करणाऱ्यांच्या वारसांना कोणी दिला? चोखोबांना पंढरीत देवळाबाहेर ठेवणाऱ्या समाजाने हा प्रश्न जरा जपूनच विचारावा.

शिवाय नारायण वामन टिळकांचे काय करणार? १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपियनाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला. त्यांना धरले ते निकायाच्या कलमांनी नव्हे, मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील शत्रूवरही प्रेम करायला सांगणाऱ्या प्रवचनाने. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. मिळाले काय? आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट झाली. आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांसाठी. अटीच्या धर्माचा माणूस दार असे उघडे ठेवतो का?

राहिला नरक. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे जे चित्र आहे, त्यात भुकेल्याला जेवू घातले का, उघड्याला वस्त्र दिले का, तुरुंगातल्याला भेटलात का, एवढेच विचारले जाते. ज्यांनी केले त्यांना आपण ख्रिस्ताची सेवा केली हे माहीतही नव्हते. बाहेर गेले त्यांनीही त्याला 'प्रभू' म्हटलेच होते. अनंत शिक्षेची भाषा तिथेही आहे आणि ती मला रुचत नाही. ती मऊ करून सांगण्याचा खटाटोप मी करणार नाही. पण ती शिक्षा चुकीच्या मताबद्दल नाही, उपाशी माणसाकडे पाठ फिरवल्याबद्दल आहे.

म्हणून वारकरी आणि ख्रिस्ती एकच, असे गोड बोलून सुटण्याची मला घाई नाही. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले असे म्हणत, तरी शेवटी मुक्काम त्यांनी बदललाच. विटेवरचा देव युगानुयुगे उभा आहे. ख्रिस्ती माणसाचा देव एका ठरावीक काळी, पिलाताच्या अमलात, खिळे ठोकून घेऊन मेला, आणि त्या एका मरणात सगळ्यांचे तारण आहे असा त्याचा दावा आहे. इतिहासातील एका घटनेवर सगळ्या जगाचा भार टाकता येतो का? मला ते अजून पटलेले नाही. वाद घालायचाच तर तो इथे घालावा.