घरगुती ध्वनिमुद्रणाचे मास्टरिंग : अल्प खर्चाच्या सोप्या पद्धती

संगणक व भ्रमणध्वनी घरोघरी पोहोचल्यापासून ध्वनिमुद्रण ही मोठ्या स्टुडिओंची मक्तेदारी राहिलेली नाही. चर्चमधील गायनवृंद, गावोगावची भजनी मंडळे, हौशी गायक, तसेच आजीच्या तोंडची लग्नगीते तिच्या हयातीतच जतन करू पाहणारी नातवंडे ही सर्व मंडळी आता घरच्या घरी ध्वनिमुद्रण करतात. परंतु घरी हेडफोनवर गोड वाटलेले गाणे दुसऱ्याच्या भ्रमणध्वनीवर वाजवले, की ते क्षीण तरी वाटते किंवा फाटल्यासारखे तरी ऐकू येते. हा दोष शक्य तितका दूर करणारा अखेरचा संस्कार म्हणजे मास्टरिंग. तो जवळजवळ विनाखर्च कसा करता येईल, हे प्रस्तुत लेखात क्रमाने पाहू या.

मास्टरिंग म्हणजे काय?

गायकाचा आवाज, पेटी, तबला, गिटार अशा स्वतंत्रपणे मुद्रित केलेल्या ध्वनींचे योग्य प्रमाणात मिश्रण करणे म्हणजे मिक्सिंग. मिश्रण झालेल्या संपूर्ण गाण्यावर शेवटचा हात फिरवणे म्हणजे मास्टरिंग. तबकड्यांच्या काळात ह्या कामाला विशेष महत्त्व होते. ध्वनिफितीवरील संगीत तबकडीवर कोरताना खर्जाचे स्वर फार जोरकस असले, तर खाचा रुंद होत, तबकडीवर कमी संगीत मावे आणि वाजवताना सुई उडण्याचा धोका असे. म्हणून जाणकार तंत्रज्ञ कोरण्यापूर्वी संगीताचा तोल सांभाळीत. आज खाचा गेल्या, तरी हेतू तोच आहे : गाणे कोणत्याही यंत्रावर समतोल ऐकू यावे आणि संग्रहातील सर्व गाण्यांची पातळी सारखी असावी.

मास्टरिंगची मर्यादाही ध्यानात घ्यावी. बेसूर गायन, खोलीत घुमणारा प्रतिध्वनी किंवा मुद्रणाच्या वेळीच फुटलेला आवाज ह्या टप्प्यावर पूर्णपणे सुधारत नाही. अशा वेळी पुन्हा मुद्रण करणे हाच कमी कष्टाचा मार्ग होय.

आवश्यक साधने

ऑडॅसिटी ही विनामूल्य संगणक आज्ञावली ह्या कामास पुरेशी आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग ह्यांनी तिची निर्मिती सुरू केली आणि २००० साली ती सर्वांसाठी खुली झाली. तिच्या जोडीला तारेचा एक बऱ्यापैकी हेडफोन असावा. ब्लूटूथ हेडफोनकडे जाताना ध्वनी बहुधा संक्षिप्त केला जातो, त्यामुळे बारकावे तपासण्यासाठी तो टाळावा. तिसरे साधन म्हणजे आपल्या गाण्याच्या जातकुळीचे, उत्तम मुद्रित झालेले एखादे गाणे. ते आपल्याला तुलनेसाठी मापदंड म्हणून उपयोगी पडते.

कामाचा क्रम

१. मूळ प्रत सुरक्षित ठेवणे : मिश्रण शक्यतो २४ बिटच्या वेव्ह स्वरूपात साठवावे. त्यातील सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास असावा, म्हणजे पुढील संस्कारांना वाव राहतो. पुढील सर्व काम ह्या फाइलच्या नकलेवर करावे.

२. ऐकणे : कोणतेही बटण दाबण्यापूर्वी गाणे पूर्ण ऐकून खटकणाऱ्या गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. जे खटकत नाही त्याला हात लावू नये.

३. गोंगाट कमी करणे : पंख्याची घरघर सतत ऐकू येत असल्यास, संगीत नसलेला केवळ घरघरीचा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडून 'नॉइज रिडक्शन' ह्या सोयीला तिचा नमुना द्यावा व नंतर ती संपूर्ण गाण्यावर सौम्यपणे वापरावी. अतिरेक झाल्यास आवाज पाण्याखालून आल्यासारखा भासतो. मुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवणे हा ह्याहून उत्तम उपाय आहे.

४. खर्जातील अनावश्यक भाग गाळणे : 'हाय-पास फिल्टर' वापरून ३० ते ४० हर्ट्झच्या खालचा भाग गाळावा. केवळ स्त्रीस्वर व पेटी असल्यास ही मर्यादा ८० हर्ट्झपर्यंत नेता येते. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने तिची गुणगुणही त्यामुळे कमी होते. तबल्याचा बायाँ किंवा ढोल असल्यास मात्र सावधगिरी बाळगावी, अन्यथा तालाचा भरीवपणा निघून जाईल.

५. स्वरांचा तोल : इक्वलायझरच्या साहाय्याने २०० ते ४०० हर्ट्झमधील कोंदटपणा किंवा ५,००० ते ८,००० हर्ट्झमधील 'स', 'श' ह्यांचा बोचरेपणा कमी करता येतो. येथे एक-दोन डेसिबलचा फरक पुरेसा असतो. पाच-सहा डेसिबलची गरज भासली, तर दोष मिश्रणात आहे असे समजावे व तेथेच तो सुधारावा.

६. चढउतार आटोक्यात आणणे : कॉम्प्रेसर मोठा आवाज किंचित दाबतो. त्याचे प्रमाण दीडास एक ते दोनास एक एवढेच ठेवावे व दाब दोन-तीन डेसिबलपेक्षा अधिक होऊ देऊ नये. चढउतार हा गायनाचा प्राण आहे, म्हणून आवश्यकता नसल्यास ही पायरी वगळली तरी चालते.

७. पातळी ठरवणे : 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' वापरून गाणे उणे १६ ते उणे १४ एलयूएफएस ह्या पातळीवर आणावे. त्यानंतर लिमिटर लावून आवाजाची कमाल मर्यादा उणे १ डेसिबलवर बांधावी. हा क्रम उलटा करू नये, कारण लिमिटरनंतर पातळी वाढवल्यास टोके पुन्हा मर्यादेबाहेर जाऊन आवाज फुटू शकतो.

मोठा आवाज आणि चांगला आवाज

एलयूएफएस हे मानवी कानाला जाणवणारी सरासरी तीव्रता मोजण्याचे एकक आहे. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितके गाणे मोठे. ह्या मोजणीची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २००६ साली निश्चित केली आणि २०१० साली युरोपीय प्रसारण संघटनेने तिच्या आधारे प्रसारणासाठी उणे २३ ही पातळी सुचवली.

ह्याची गरज निर्माण होण्यास कारण होते. सीडीच्या युगात आपले गाणे इतरांपेक्षा मोठे वाजावे अशी चढाओढ लागली. मेटॅलिका ह्या अमेरिकन वाद्यवृंदाचा २००८ सालचा 'डेथ मॅग्नेटिक' हा संग्रह इतका दाबला गेला, की त्यांच्या चाहत्यांनीच तक्रार केली. त्याच गीतांची व्हिडिओ गेमसाठी दिलेली, कमी दाबलेली प्रत अनेकांना अधिक चांगली वाटली. आज ह्या चढाओढीतून काही निष्पन्न होत नाही. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे सर्व गाणी उणे १४ च्या पातळीवर आणून वाजवते आणि यूट्यूबही फार मोठ्या आवाजाचे गाणे खाली आणते. म्हणजे दाबून मोठे केलेले गाणे तेथे मोठे वाजत नाही. दाबल्यामुळे त्याचे झालेले नुकसान मात्र कायम राहते.

फ्लेचर व मन्सन ह्या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्जाचे स्वर कमी जाणवतात. त्यामुळे तेच संगीत थोडे मोठे केले, की अधिक भरदार व सुधारलेले भासते. मास्टरिंगपूर्वीची व नंतरची प्रत सारख्या पातळीवर आणूनच त्यांची तुलना करावी. तसे केल्यावरही नवी प्रत सरस वाटली, तरच आपले काम सफल झाले असे म्हणता येईल.

अंतिम तपासणी व जतन

सलग तासभर ऐकल्यावर कान थकतात. म्हणून गाणे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकावे : हेडफोनवर, भ्रमणध्वनीच्या छोट्या कर्ण्यावर आणि शक्य असल्यास मोटारीत. दोन्ही बाजूंचा ध्वनी एकत्र करून, म्हणजे मोनो स्वरूपातही ते ऐकावे. तेव्हा एखादा आवाज विरळ झाला, तर तो दोष मिश्रणात जाऊन दुरुस्त करावा.

सीडीसाठी प्रत ४४,१०० हर्ट्झ व १६ बिटची करावी आणि २४ वरून १६ बिटवर येताना, म्हणजे केवळ ह्या अखेरच्या टप्प्यावर, 'डिदर' वापरावे. एमपीथ्री ही वाटण्याची प्रत होय, जपण्याची नव्हे. जपण्यासाठी संस्कार न केलेले मूळ मुद्रण व मास्टर केलेली वेव्ह प्रत अशा दोन्ही फाइल दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि सोबत गायकाचे नाव, गाव व मुद्रणाची तारीख लिहून ठेवावी.

मास्टरिंग आज मनाजोगते झाले नाही, तरी मूळ प्रत शाबूत असल्यास उद्या अधिक जाणकार हात ते पुन्हा करू शकतील. परंतु मूळ प्रत पुसून केवळ दाबलेली प्रत उरली, तर त्या आवाजातील गेलेले चढउतार कोणत्याही यंत्राला जसेच्या तसे परत आणता येणार नाहीत. ज्यांचा आवाज आपण टिपला, ती वडीलधारी माणसे पुन्हा गायला आपल्यात असतीलच असे नाही. म्हणून प्रथम जतन आणि मग संस्कार, हा क्रम प्रत्येकाने कटाक्षाने पाळावा.