रहदारीच्या रस्त्यालगतची घरे : पंढरपूरपुढील प्रश्न

पंढरपुरात रस्त्यालगतचे घर हे नेहमीच मोलाचे मानले गेले आहे. विठ्ठल मंदिराभोवतीच्या प्रदक्षिणा मार्गावर किंवा महाद्वारातून चंद्रभागेच्या घाटाकडे उतरणाऱ्या वाटेवर दर्शनी भागात बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे यांचे दुकान आणि मागे अथवा माडीवर कुटुंबाचा निवास, अशी रचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार यात्रांत याच घरांतील खोल्या वारकऱ्यांना उतरण्यासाठी दिल्या जातात. रस्ता हा अशा घराचा पोशिंदा आहे. मात्र पायी चालणाऱ्यांसाठी घडलेल्या या रस्त्यावर मोटारी, रिक्षा व दुचाकींची वर्दळ बारमाही झाली, तेव्हा त्याची किंमत घरातील माणसांच्या आरोग्याने चुकवावी लागते.

आवाज आणि हवा

केंद्र सरकारच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. व्यापारी भागासाठी ती अनुक्रमे ६५ आणि ५५ आहे. खाली दुकान आणि वर निवास असलेल्या घराला यांपैकी कोणती मर्यादा लावायची, हा येथील खरा पेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८मध्ये रस्त्यावरील रहदारीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, अशी शिफारस केली. सततच्या आवाजाने झोपमोड होते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अरुंद गल्लीत समोरासमोरच्या भिंतींवर आदळून आवाज अधिकच घुमतो.

हवेची स्थितीही अशीच आहे. रहदारीच्या मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात वाहनांच्या धुराचा प्रभाव सर्वाधिक असतो, असा निष्कर्ष २०१०मध्ये अमेरिकेतील एका संशोधन संस्थेने अनेक अभ्यासांच्या आढाव्यातून काढला. अतिसूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये ती ५ असावी असे सुचविले. खिडक्या बंद ठेवणे हा उपाय सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात फार काळ टिकत नाही. त्यातच गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची भर पडते.

शेजार तुटतो

नगररचनाकार डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्को शहरातील तीन रस्त्यांचा केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. दिवसाला सुमारे २ हजार वाहने जाणाऱ्या रस्त्यावरील रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. १६ हजार वाहनांच्या रस्त्यावर ही संख्या एकापेक्षाही कमी भरली. पंढरपूरच्या बोळांत संध्याकाळी ओट्यावर बसणारी वृद्ध मंडळी आणि दारात खेळणारी मुले यांच्या बाबतीत या निष्कर्षाचा अर्थ सहज कळतो.

रुंदीकरणाचा उपाय

गर्दी वाढली की रस्ता रुंद करावा, हा सर्वांत आधी सुचणारा मार्ग. आळंदी व देहूहून येणाऱ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला पंतप्रधानांच्या हस्ते ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसविण्यात आली. त्यात वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथाची तरतूद आहे. गावाबाहेर हा उपाय योग्यच. पण जुन्या गावात रुंदीकरण म्हणजे घराचा दर्शनी भाग, पर्यायाने दुकानच गमावणे. मंदिर परिसराच्या प्रस्तावित कॉरिडॉरला रहिवासी व व्यापाऱ्यांनी विरोध केला, त्यामागे हीच धास्ती होती. २०१३च्या भूसंपादन कायद्याने मालकांबरोबरच उपजीविका गमावणाऱ्या भाडेकरूंनाही बाधितांत स्थान दिले आहे. तथापि मोबदल्याच्या रकमेतून महाद्वाराजवळची गिऱ्हाइकी दुसरीकडे मिळत नाही. शिवाय रुंद झालेला रस्ता नवी वाहने ओढून घेतो, हा जगभरातील शहरांचा अनुभव आहे.

त्यापेक्षा जड व परगावी जाणारी वाहतूक बाहेरून वळविणे, वाहनतळ गावाच्या वेशीवर ठेवणे आणि मंदिराभोवतीचा भाग पादचाऱ्यांसाठी राखणे हे उपाय घर आणि धंदा दोन्ही वाचवितात. आषाढीला वाहने शहराबाहेर थोपवून लाखो वारकरी पायी दर्शनाला जातात आणि त्याच दिवसांत येथील दुकानदारांची सर्वाधिक विक्री होते. ही व्यवस्था पंढरपूरला नवी नाही. ती वर्षभर कितपत राबविता येईल, याचा विचार आता व्हायला हवा.