चान्यांचे गाडगे : साठवणीचा एक अलिखित इतिहास

इतिहास लिहिणारांनी कोठारांचा इतिहास लिहिला. राजाचे अंबारखाने, पाटलाची पेवे, सावकाराची बळदे यांची मोजदाद झाली. कारण तेथे धान्य होते आणि धान्यावर सारा होता. ज्याच्या घरी साठवण्यासारखे काही नाही असे आधीच ठरवून टाकले, त्याच्या साठवणीची नोंद कोण कशाला करील? परंतु गावकुसाबाहेरच्या माणसाजवळही साठवणीची एक विद्या होती. ती धान्याची नव्हती, मांसाची होती. म्हणूनच ती इतिहासात आली नाही, आणि आपणही ती लवकर विसरलो. सोलापूर जिल्ह्यातील महारवाड्यांच्या आधाराने तिचा मला येथे विचार करावयाचा आहे.

सोलापूर जिल्ह्यात कोठाराची एक कथा सर्वांना ठाऊक आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बहामनी राजवटीत दुष्काळ पडला असता बादशहाचे कोठार लोकांना खुले केले आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरला त्याची रक्कम भरली, अशी ती कथा. महारांच्या बावन्न हक्कांची सनदही बेदरच्या बादशहानेच दिली, असे परंपरा सांगते. या दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीत महाराच्या रूपातला देव दुसऱ्याच्या कोठाराचा हिशेब चुकता करतो. दुसरीत खुद्द महाराला जे हक्क मिळतात, त्यांत मेलेल्या ढोराचा हक्क असतो. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीचे कोठार म्हणून आजही ओळखली जाते. त्या ज्वारीतला बलुत्याचा वाटा खळ्यावर उभे राहून मागावा लागे. मेलेले ढोर मात्र न मागता दारात येई. ते ओढून नेण्याची सक्ती होती, आणि सक्तीलाच हक्क म्हणण्याची रीत होती.

आता या हक्कातली अडचण पाहा. बैल मरतो तो सबंध मरतो. म्हातारा, रोडावलेला बैल झाला तरी त्याचे मांस शंभर किलोच्या आसपास भरते. दहा-पंधरा घरांत वाटे पडले तरी घरटी सात-आठ किलो येणार. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत ओले मांस सकाळचे संध्याकाळपर्यंत टिकत नाही. म्हणजे वर्षातले अनेक महिने हाताला काही नाही, आणि एके दिवशी खाऊन संपणार नाही एवढे. मालकाच्या घरी सुगी ठरल्या वेळी येई, म्हणून त्याला पेव आधी खणून ठेवता येई. आमची सुगी कुणाचे जनावर कधी मरेल त्यावर. अशा सुगीचे नियोजन आमच्या बायकांनी केले.

माझी आजी मंगळवेढ्याकडची. तिचा नियम एका वाक्याचा होता : "ओलं आदी संपवायचं, वाळलं मागं ठिवायचं." रक्ती, वजडी, काळीज, फोपसे ही पहिल्या दिवशीची, ती थांबत नाहीत. हाडे त्याच रात्री नाही तर दुसऱ्या सकाळी, कारण त्यांचा रस काढला तरच ती उपयोगी. चरबी कढवून गाडग्यात ओतली की थिजून पांढरी होई आणि पुढे तेलाच्या जागी चालत राही. उरलेल्या मांसाच्या बोटाएवढ्या रुंदीच्या, होतील तितक्या लांब पट्ट्या कापायच्या, हळद-मीठ असेल तर लावायचे, आणि सुंभाच्या दोरीवर वाळत घालायच्या. याच चान्या. कावळे-घारी आणि कुत्री यांच्यावर काठी घेऊन पोर बसवायचे. तीन-चार कडक उन्हांत पट्टी वाळून चामड्यासारखी होते. मग तुकडे करून गाडग्यात भरायचे, तोंडाला फडके बांधायचे आणि ते गाडगे उतरंडीत ठेवायचे. अधूनमधून पुन्हा ऊन दाखवायचे. पुढे कधी निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर, कधी मूठभर डाळीत शिजवून कोरड्यास. एका गाडग्यावर किती दिवस काढायचे हे माणसे मोजून ठरे, आणि पाहुणा आला तर कोणाच्या वाट्यातले काढायचे हेही.

यात विज्ञान आहे. ओल्या मांसात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. ते गेले की कुजवणाऱ्या जंतूंना वाढायला जागा राहत नाही, मीठ त्या कामाला मदत करते, पट्टी जितकी पातळ तितके पाणी लवकर जाते. सोलापूरची कोरडी हवा, जी शेतकऱ्याचा शाप, तीच येथे उपयोगी पडे. पावसाळ्यात हे जमत नसे. घटसर्प, फऱ्या, काळपुळी हे जनावरांचे रोग वारंवार पावसाळ्याच्या सुमारास येत, म्हणजे मांस अधिक येई तेव्हाच ते टिकवता येत नसे. शिवाय काळपुळीचे बीज उन्हाने मरत नाही. वाळवलेल्या पट्टीतूनही ते घरात येऊ शकते. हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर आपण दारिद्र्याची आरती ओवाळू लागू. चान्या ही भुकेने शिकवलेली विद्या होती, आणि भूक ही निर्दय शिक्षिका असते.

ही विद्या केवळ आपलीच नाही. दक्षिण अमेरिकेत केचुआ भाषेत वाळवलेल्या मांसाला चार्की म्हणत. इंग्रजीतला 'जर्की' हा शब्द त्यातूनच आला. पुढे ब्राझीलमध्ये आणि क्युबामध्ये मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना खारवून वाळवलेले गोमांस पोसण्यासाठी दिले जाई, कारण ते स्वस्त होते आणि टिकत होते. वाळवलेल्या मांसाची आणि गुलामगिरीची सोबत अशी दोन खंडांवर दिसते. फरक एवढाच, की तेथे मालक ते विकत घेऊन गुलामाला देई; येथे मालकाला तेवढाही खर्च नव्हता.

1876 साली पाऊस गेला आणि 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ पडला. मुंबई इलाख्यातील ज्या जिल्ह्यांना त्याची सर्वाधिक झळ लागली, त्यांत सोलापूर होता. माणसांआधी जनावरे मेली. सरकारी कामावर राबणाऱ्या मजुराला सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत असे ठरवले. नेमक्या त्याच 1876 साली 'फ्रिगोरिफिक' नावाचे फ्रेंच जहाज यंत्राने थंड केलेले मांस घेऊन अटलांटिक महासागर ओलांडून ब्युनोस आयर्सला पोचले. 1882 साली 'डनेडिन' हे जहाज न्यूझीलंडहून जवळजवळ 5,000 गोठवलेली मेंढ्या-कोकरे घेऊन लंडनला आले. साठवणीची जुनी विद्या ज्यांच्या हातात होती ते उपाशी होते, आणि नवी विद्या ज्यांच्या हातात आली ते जगाचा बाजार मांडत होते. 1877 साली सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. दुष्काळाने गाव सोडलेल्या कितीतरी माणसांना पुढे या गिरण्यांनी रोजगार दिला. येसकरकीच्या भाकरीऐवजी पगार हातात आला, तेव्हा मांस विकत घेता येऊ लागले. गाडग्याची गरज तेव्हापासून कमी होत गेली.

मार्च 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे सांगितले. हा केवळ सोवळेपणाचा उपदेश होता असे म्हणणारे त्याचा अर्थच चुकवतात. बाबासाहेबांनी त्या मांसाची किंमत ओळखली होती. ते फुकट नव्हते. त्याच्या बदल्यात गावाला आपला माणूस मिळत होता, पिढ्यानपिढ्या, बिनपगारी. 1948 साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहासाच्या अंगाने तपासला : बाकीच्यांनी गोमांस सोडले, गाय पवित्र ठरवली, आणि ज्यांना मृत गायीच्या मांसाखेरीज दुसरा आधार नव्हता ते अपवित्र ठरले. 1959 च्या कायद्याने महार वतने गेली आणि जुन्या सक्तीचा कायदेशीर पाया संपला. महारवाड्यांनी मृतमांस सोडले ते उपाशी राहून सोडले. या त्यागाला आपल्या इतिहासात जेवढे मोल द्यावे तेवढे थोडेच.

पण मृतमांसाबरोबर आपण त्याची आठवणही टाकून दिली. माझ्या लहानपणी घरात चान्यांचा शब्द निघाला की वडील विषय बदलत. दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली आले, आमच्याच जिल्ह्यातील शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' 1984 साली आणि महूदच्या शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' 1986 साली. त्यांनी भुकेची लाज मोडली. तरी भुकेतून निर्माण झालेले ज्ञान लिहून ठेवण्याचे काम मागेच राहिले होते. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले ते 2015 साली.

त्याच 2015 च्या मार्चपासून महाराष्ट्रात 1976 च्या पशुसंरक्षण कायद्याची दुरुस्ती लागू झाली. गायीच्या कत्तलीला बंदी आधीपासून होती. आता बैल आणि वळूही त्यात आले, आणि असे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. राज्याबाहेरून आणलेले मांस बाळगण्याबाबतचे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये रद्द केले. म्हैस-रेडा बंदीबाहेर राहिले. आज सोलापुरात 'मोठ्याचं' म्हणून विकत मिळते ते त्यांचेच. पण कायद्याचा कागद आणि जमावाची नजर एक नसते. सप्टेंबर 2015 मध्ये उत्तर प्रदेशातील दादरीजवळ, घरात गायीचे मांस असल्याच्या अफवेवरून मोहम्मद अखलाक यांना जमावाने ठार मारले. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले.

हे नवे नाही. इंग्रजी अमदानीत गावात गुरे मरू लागली की विष घातल्याचा आळ महार-मांगांवर येई. दोरीवर वाळणारी चान्यांची पट्टी ही घरची बेगमी, आणि तीच पुरावाही. पाटलाचे पेव भरले तर ती समृद्धी. आमचे गाडगे भरले तर तो संशय. माझ्या पुतण्याने पुण्यात भाड्याच्या घरात मोठा फ्रीझर घेतला, कारण नोकरीच्या धावपळीत महिन्याचे मांस एकदाच आणणे परवडते. तो वजा अठरा अंशांवर चपट्या पिशव्या करून ठेवतो, प्रत्येकीवर तारीख घालतो, जुनी आधी काढतो. एका घनफुटाच्या जागेत पंधरा-सोळा किलो मावते हा त्याचा हिशेब, आणि तो आजीच्या हिशेबापेक्षा वेगळा नाही. ते मांस रेड्याचे असते, पावती असते, तरी घरमालकाने एकदा विचारलेच, "फ्रिजमध्ये काय काय ठेवता?" त्या दिवसापासून पुतण्या फ्रीझरला कुलूप लावतो. आजीच्या गाडग्याला फडके पुरत होते.

अन्न साठवता येणे म्हणजे उद्याच्या दिवसावर थोडा ताबा मिळणे. दुसऱ्याच्या दयेवर रोजच्या रोज जगणाऱ्याला उद्या नसतो. म्हणूनच त्याची साठवण गावाला खुपते. बाबासाहेबांनी आपल्याला मृतमांस सोडायला सांगितले ते उद्याचा दिवस आपल्या हातात यावा यासाठी. ते सोडले हे योग्यच झाले. जे सोडले ते कसे टिकवले होते, हे मात्र लिहून ठेवायला हवे. ज्यांनी दोरी बांधली, काठी घेऊन राखण केली, त्या म्हाताऱ्या मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट, बार्शीच्या वाड्यावस्त्यांवर आता थोड्याच उरल्या आहेत. आपल्या तरुण अभ्यासकांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे. वाटे कसे पडत, आधी काय शिजे, कोणाच्या पोटाला काय मिळे आणि बाईच्या वाट्याला शेवटी काय उरे, हे त्यांना विचारावे. पेवांचा हिशेब सरकारी दप्तरात सापडेल. गाडग्यांचा तेथे सापडणार नाही.