इंग्रजीच्या मास्तरला मराठी येते का?

टेंभी नाक्यावरचे बी. जे. हायस्कूल ही ठाण्यातल्या जुन्या शाळांपैकी एक. बैरामजी जीजीभॉय या दानशूर पारशी गृहस्थांचे नाव तिला आहे. अशा शाळांमधूनच आपल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा इंग्रजी पोचली. पण ती शिकवणारा माणूस कसा निवडावा, याचे उत्तर आपल्याला अजून नीटसे सापडलेले नाही.

१८३५ साली मेकॉलेचे टिपण आले आणि सरकारी कौल इंग्रजीच्या बाजूने पडला. त्याच वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेसाठी हार्कनेस आणि ऑर्लेबार हे दोन प्राध्यापक विलायतेहून आले. मदतीला आपले बाळशास्त्री जांभेकर होते. पुढे १८४०च्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये दोन तट पडले. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचे कैवारी. जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्विस यांचे म्हणणे असे, की ज्ञान लोकांपर्यंत न्यायचे तर लोकांच्याच भाषेतून न्यावे. नाना शंकरशेट इंग्रजीचे वैरी नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे.

पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने दोन्ही भाषांची सांगड घातली. मराठी वाक्य घ्यायचे, त्याचे इंग्रजी करायचे. कितीतरी पिढ्या त्या पुलावरून इंग्रजीत गेल्या.

बी.ए. झाल्यावर, नव्वदच्या दशकात, मीही इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीसाठी मुलाखती दिल्या. एका ठिकाणी अर्जावरचे नाव वाचून पहिला प्रश्न आला, ‘शिक्षण उर्दू माध्यमात का?’ मी म्हटले, ‘नाही साहेब, मराठीत.’ मग एक उतारा मोठ्याने वाचायला लावला, उच्चार तपासले. मराठीत कविता लिहितो असे सांगितल्यावर उत्तर मिळाले, ‘त्याचा इथे काय उपयोग?’ समोर बसणारी मुले मराठी घरांतली होती. ती अडली तर कसे समजावाल, हे कोणी विचारले नाही. नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली.

जून २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. मराठीतून डी.एड. झालेल्या शिक्षकांवर एकाएकी इंग्रजीचा तास येऊन पडला. त्यांच्या उच्चारांना पुष्कळ हसले गेले. पण मूल नेमके कुठे अडते, हे त्यांना कळत होते. त्या गुणाची मोजदाद कोणी केली नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये शिक्षक भरतीसाठी २०० गुणांची अभियोग्यता चाचणी झाली आणि ‘पवित्र’ पोर्टल आले. मुलाखत घेऊन नेमणूक करू पाहणाऱ्या खासगी संस्थांसाठी मुलाखत आणि अध्यापन कौशल्य मिळून ३० गुण ठेवले गेले. अध्यापन कौशल्याला गुण मिळाले, ही समाधानाची गोष्ट. ते तपासायचे कसे, हे मात्र समोर बसलेल्यांवर अवलंबून.

माझी सूचना साधी आहे. उमेदवाराला दहा मिनिटे पाचवीच्या वर्गात उभे करा. एखादे पोर म्हणेल, ‘आय येस्टरडे नॉट केम.’ जो नुसती चूक दुरुस्त करील, त्याला इंग्रजी येते. पण त्यामागचे ‘मी काल नाही आलो’ हे वाक्य ज्याला ऐकू येईल आणि दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी मांडून जो फरक दाखवील, त्याला इंग्रजी शिकवता येते. नेमणुकीचे पत्र त्याच्या हाती द्यावे.