पानवेलीचे परदेशी भावंड

शहापूर-मुरबाडकडे पावसाने जोर धरला की न्हाणीमागच्या ओल्या सावलीत, भिंतीच्या भेगांत, कुंड्यांच्या बुडाशी एक वीतभर रोप उगवते. देठ काचेसारखा पारदर्शक, पाने बदामी आकाराची, वर उंदराच्या शेपटीसारखा बारीक तुरा. तण म्हणून ते उपटून टाकले जाते. हा पेपरोमिया पेल्युसिडा. मूळचा अमेरिकेचा, पण आता कोकणात पुरता रुळलेला. नर्सरीत इवल्याशा कुंडीतून विकला जाणारा पेपरोमिया याच्याच प्रजातीतला.

या प्रजातीला नाव मिळाले 1794 मध्ये. पेरूच्या जंगलांत वर्षानुवर्षे हिंडून आलेल्या रुईझ आणि पावोन या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते दिले. नागवेल, मिरी आणि पिंपळी याच घराण्यातल्या. म्हणजे विड्याचे पान आणि खिडकीतली ही शोभेची कुंडी यांचे नाते जवळचे आहे. सह्याद्रीतही पेपरोमियाच्या काही देशी जाती शेवाळलेल्या खोडांवर आणि कातळांवर वाढतात. लोक त्यांना बांडगूळ समजतात, पण झाडाच्या रसाला त्या तोंड लावत नाहीत. आधारापुरतेच खोड धरतात.

झाडे धुंडाळणाऱ्यांचा इतिहास आपल्या शेजारीही सापडतो. मुरबाडच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढला की जुन्नरचा मुलूख लागतो. तिथे नारायणगावजवळ हिवऱ्याला अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरची बाग होती. 1838 पासून त्याने पुण्याजवळची दापोडीची सरकारी बागही सांभाळली आणि 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. दापोडीच्या झाडांची सुरेख चित्रे त्याने एका देशी चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही, याची खंत वाटते.

त्याच काळात लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्डची बंद काचपेटी जहाजांवर चढली. 1833 मध्ये तिची पहिली मोठी चाचणी ऑस्ट्रेलियाच्या सफरीत झाली. खारे वारे आणि तहान यांनी वाटेतच मरणारी नाजूक रोपे या पेटीतून जिवंत पोहोचू लागली. शोभेच्या झाडांचा जगभरचा व्यापार तिच्यामुळे फोफावला.

कुंडीतल्या पेपरोमियाचे संगोपन त्याच्या रानातल्या सवयींवरूनच ठरते. खोडावरच्या मूठभर पालापाचोळ्यात वाढणाऱ्या या झाडाची मुळे तोकडी असतात आणि पाण्याचा साठा जाड पानांत असतो. म्हणून कुंडी लहान, खाली भोक असलेली हवी. मातीत नारळाचा काथ्या आणि जाडी वाळू मिसळावी. वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी घालावे. शहापुरातल्या आषाढ-श्रावणात ते अंगणात ठेवले तर हमखास कुजते; पडवीच्या आतल्या बाजूला, उजेड येईल पण पागोळ्या पडणार नाहीत अशी जागा त्याला मानवते. चैत्र-वैशाखात थेट उन्हाने पाने करपतात.

नवे रोप हवे तर देठासकट एक पान ओलसर वाळूत खोचावे. काही आठवड्यांनी बुडाशी कोंब दिसू लागतो. पांढऱ्या कडांच्या जातीचे पान लावले तर रोप बहुधा साधे हिरवेच निघते, तिथे शेंड्याची फांदी लावावी.