पंचाविना लढाई

बोटाच्या पेराएवढे सैनिक, धातूत ओतलेले, हाताने रंगवलेले. सहा फूट बाय चार फुटांचे टेबल, त्यावर हिरवे कापड, कापडावर एखादी टेकडी, एखादे रान. अलीकडे इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीचे तिरंदाज उभे, पलीकडे चिलखती घोड्यांवर फ्रेंच सरदार. खेळणारे दोघे सकाळपर्यंत एकमेकांना ओळखतही नव्हते. पुढच्या तीन-साडेतीन तासांत एकाने ‘तुझी ही तुकडी गेली’ म्हटले की दुसरा मुकाट्याने ती उचलून बाजूला ठेवणार आहे. का ठेवणार? गल्लीत चोर-पोलीस खेळताना ‘ठो! मेलास’, ‘छट्, लागलीच नाही’ हे भांडण आपण सगळ्यांनी केले आहे. मध्ययुगीन लढायांचा हा टेबलावरचा खेळ, म्हणजे वॉरगेम, आज ज्या रूपात स्पर्धेत खेळला जातो, त्याची कुळकथा याच भांडणाच्या निवाड्याची आहे.

बुद्धिबळात हे भांडण नव्हते. घरात शिरला की समोरचा मेला, विषय संपला. आपल्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी खरी फौज होती, पण लढाईतली अनिश्चितता पुढे या खेळातून निघून गेली. ती परत आणण्याचे प्रयत्न युरोपात झाले, तेही बुद्धिबळाच्या पटावरूनच. जर्मनीतल्या उल्म शहराच्या ख्रिस्टोफ वाइकमान याने 1664 मध्ये बुद्धिबळ फुगवून त्यात सेनापतीपासून शिपायापर्यंत नाना हुद्द्यांची प्यादी घातली. ब्राउनश्वाइगच्या योहान हेल्विग या गणिताच्या जाणकाराने 1780 मध्ये दीड हजारांहून जास्त घरांचा पट आखला आणि घरांच्या रंगांवरून डोंगर, दलदल, पाणी दाखवले. जमिनीमुळे चाल बदलते, ही गोष्ट खेळात आली ती इथे. मारले की मेले, हा कायदा मात्र तसाच राहिला.

तो मोडला प्रशियाच्या राइसविट्झ बापलेकांनी. बापाने 1812 मध्ये राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्हेमसाठी एक मोठे टेबल करून दिले. त्यात प्लॅस्टरचे तुकडे हवे तसे मांडून डोंगर-नद्या तयार करता येत. राजवाड्यात ते कौतुकाने ठेवले गेले. मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट. त्याने टेबल बाजूला ठेवले, खरे लष्करी नकाशे घेतले, त्यावर निळे आणि तांबडे ठोकळे मांडले आणि 1824 मध्ये ‘क्रीगस्पील’चे, म्हणजे युद्धखेळाचे, नियम छापले. एक चाल म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे. गोळीबाराचा परिणाम फाशाने आणि तक्त्यांवरून ठरायचा. खरी नवलाई होती पंचाची. दोन्ही बाजू आपले हुकूम लिहून त्याच्याकडे देत. कोण कुठे आहे, कोणाला काय दिसते, हे सगळे फक्त त्यालाच ठाऊक. सेनापतीला जेवढे दिसले असते, तेवढेच तो खेळाडूला दाखवायचा. प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग खेळ पाहून इतके भारावले की सगळ्या पलटणींना हा खेळ घेण्याची शिफारस झाली. लेफ्टनंटाच्या नशिबी मात्र सुख नव्हते. 1827 मध्ये त्याने आत्महत्या केली.

पुढे तक्ते वाढत गेले, फासे टाकता टाकता अधिकारी कंटाळले. 1876 मध्ये जनरल व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ यांनी सरळ सांगितले की फासे नकोत, तक्ते नकोत, अनुभवी अधिकारी पंच असेल तर निकाल तोच देईल. लष्कराला हे चालते. तिथे पंच हुद्द्याने वरिष्ठ असतो, त्याच्याशी वाद घालायची सोय नसते. दोन हौशी माणसांनी काय करायचे?

त्यावर सगळ्यात गमतीचा तोडगा काढला एच. जी. वेल्स यांनी. 1913 मध्ये त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक आले. ब्रिटन कंपनी 1893 पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतत होती, आणि तिचीच स्प्रिंगची खेळण्यातली तोफ लाकडाची गोळी बऱ्यापैकी नेम धरून मारत होती. वेल्स यांनी ही तोफ खरोखरच डागायला सांगितली. जो सैनिक पडला तो मेला. फासा नाही, पंच नाही, वाद नाही. गुरुत्वाकर्षण निकाल देते. पायदळाची चाल एक फूट, घोडदळाची दोन. दिवाणखान्याची जमीन हेच रणांगण. मला विचाराल तर या सगळ्या घराण्यात इतका आनंदी पूर्वज दुसरा नाही.

पण ही युक्ती तोफेच्या काळापुरती. ढाल, तलवार, भाला, धनुष्य यांच्या युगात डागायचे काय? मध्ययुगाच्या खेळाला निकालाची वेगळी सोय हवी होती, आणि ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या साउथॅम्प्टन या बंदरात घडत गेली. तिथल्या टोनी बाथ यांच्याकडे चपटे सैनिक होते. कथलाचे असे पातळ सैनिक जर्मनीत शतकभराहून जास्त काळ बनत आले होते. 1950च्या दशकात बाथ यांनी प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांसाठी नियम बांधले. चिलखत किती जाड, हातात काय, यावरून फाशात किती यावे लागेल ते ठरायचे. कॅलिफोर्नियाचे जॅक स्क्रबी ‘वॉर गेम डायजेस्ट’ नावाचे नियतकालिक काढत. त्यातून बाथ यांचे नियम अमेरिकेत पोचले. साउथॅम्प्टनचेच डॉन फेदरस्टोन हे तिथल्या फुटबॉल क्लबचे फिजिओथेरपिस्ट. त्यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक 1962 मध्ये आले आणि विखुरलेल्या हौशींना कळले की आपण एकटे वेडे नाही. 1965 मध्ये बाथ यांनी ‘सोसायटी ऑफ एन्शंट्स’ काढली. तिचे नियतकालिक ‘स्लिंगशॉट’, म्हणजे गोफण. ढाल केवढी होती, घोडेस्वार किती रांगांत उभे राहत, यावर त्यात वाद झडू लागले.

हे सगळे मात्र मित्रांमधले खेळ होते. नियमात भोक सापडले तर चहा पिता पिता बुजवायचे. बाथ यांनी कॉनन या काल्पनिक योद्ध्याच्या कथांमधले हायबोरिया हे काल्पनिक जग घेऊन वर्षानुवर्षे एक मोहीम चालवली; तिचा पंच आणि विधाता तेच. घरचा खेळ असा चालतो. स्पर्धेत चालत नाही. तिथे समोरचा अनोळखी, दिवसात दोन-तीन सामने, आणि प्रत्येक टेबलाशी एक जाणता पंच बसवायला माणसे कुठून आणणार? म्हणजे पंचाचे डोके कागदावर उतरवणे भाग होते.

ते काम केले ‘वॉरगेम्स रिसर्च ग्रुप’ने. फिल बार्कर, बॉब ओब्रायन आणि एड स्मिथ या तिघांनी 1969 मध्ये इसवीसनपूर्व 1000 ते इसवीसन 500 या काळासाठी नियम काढले. मग आवृत्तीमागून आवृत्ती निघाली आणि काळाची हद्द सरकत गेली. 1980च्या सहाव्या आवृत्तीत ती 1485 पर्यंत, म्हणजे इंग्लंडमधल्या बॉसवर्थच्या लढाईपर्यंत आली. स्पर्धांचे मध्ययुग ते हेच.

या नियमांमधून तीन गोष्टी रुळल्या, आणि माझ्या मते लढाईच्या आकडेमोडीपेक्षा त्याच टिकाऊ ठरल्या. पहिली म्हणजे बेस. सैनिक सुटा ठेवायचा नाही, ठरावीक मापाच्या पट्टीवर चिकटवायचा. 25 मिलिमीटर उंचीच्या सैनिकांना 60 मिलिमीटर रुंदीची पट्टी, 15 मिलिमीटरवाल्यांना 40. पट्टीवर तीन सरदार की चार भालेकरी, यावरून ते किती दाटीने लढत हेही दिसायचे. माप ठरले आणि बर्मिंगहॅममध्ये रंगवलेली फौज मिलानच्या टेबलावर चालू लागली. दुसरी गोष्ट गुणांची. चिलखती सरदार महाग, हलका गोफणवाला स्वस्त. दोघांनाही सारख्याच गुणांची फौज घ्यायची. तिसरी, फौजांच्या याद्या. कुठल्या राजाकडे, कुठल्या वर्षी, कुठल्या प्रकारची माणसे किमान किती आणि कमाल किती, हे छापून टाकले. त्यात दिल्लीची सल्तनत आहे, आणि सहाव्या शतकापासून सोळाव्याच्या सुरुवातीपर्यंतच्या हिंदू राज्यांची हत्तीवाली फौजही आहे. आपले यादव त्या काळात बसतात. शिवकाल बसत नाही.

सारख्या गुणांच्या फौजा, हे इतिहासाच्या दृष्टीने धादांत खोटे आहे. शहाणा सेनापती सारख्या बळाच्या शत्रूशी लढायला जातोच कशाला? पाचव्या हेन्रीच्या अझँकूरच्या लढाईत 1415 मध्ये दोन्ही बाजू सारख्या असत्या तर ती लढाई आज कोणाला आठवलीही नसती. पण स्पर्धेला हे खोटे परवडते, सत्य परवडत नाही. त्यातून एक विचित्र दृश्य तयार झाले: हॅनिबलचे हत्ती एका टेबलावर, आणि समोर त्याच्यानंतर सोळाशे वर्षांनी झालेले स्विस भालेकरी. पुढे एकाच काळातल्या किंवा एकाच प्रदेशातल्या फौजांच्या वेगळ्या स्पर्धा सुरू झाल्या त्या यामुळेच. माझे मत विचाराल तर खऱ्या स्पर्धा त्याच.

पंच कागदावर उतरला की कागद जाड होतो. प्रत्येक वादाची पळवाट बुजवायला बार्कर यांनी असे गच्च वाक्य घडवले की इंग्रजी ज्यांची मातृभाषा तेही डोके खाजवत बसत. हौशींनी त्या भाषेला बार्कर यांच्याच नावाने चिडवले. प्रत्येक चालीला मेलेल्यांचा हिशेब कागदावर मांडायचा, तक्ते उलटायचे. त्याच बार्कर यांनी 1990 मध्ये सगळे उलटे फिरवले. ‘डीबीए’ म्हणजे ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या नावाची बारीकशी पुस्तिका आली. एका बाजूला फक्त बारा पट्ट्या. दोन फुटी चौरस पट. मेलेल्यांचा हिशेब नाहीच. दरवेळी एक फासा टाकायचा. जेवढे पडेल तेवढ्याच तुकड्यांना हुकूम पोचला असे समजायचे. एक पडला की सेनापतीची काय तगमग होते, ते तिथे कळते. म्युफलिंग यांच्या काळी जे पंच दाखवायचा, ते आता एका फाशाने दाखवले.

लढाईही तशीच. दोघांनी एकेक फासा टाकायचा, आपापला आकडा मिळवायचा. चिलखती सरदाराला पायदळाविरुद्ध तीन. तलवारवाल्या पायदळाला घोडदळाविरुद्ध तीनच, पण दुसऱ्या पायदळाविरुद्ध पाच. धनुर्धाऱ्याला पायदळाविरुद्ध दोन आणि घोडदळाविरुद्ध चार. कमी पडला तो मागे हटतो, निम्मा किंवा त्याहूनही कमी पडला तर संपतो. इथे एक मेख आहे: मोकळ्या मैदानात सरदारापेक्षा एकाने जरी कमी पडले तरी तलवारवाले पायदळ हटत नाही, चिरडलेच जाते, उलट सरदार हरला तर सहसा नुसता मागे सरकतो. युरोपात तीन-चारशे वर्षे जड घोडदळाचा दरारा का होता, ते या एका ओळीत आले. चार पट्ट्या गेल्या की हार. तासाभरात सामना आटोपतो.

स्पर्धावाल्यांना तेवढ्याने भागेना. 1993 मध्ये बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट यांनी त्याचाच थोरला भाऊ ‘डीबीएम’ काढला. त्यात उतावळे सरदार हुकूम खर्च करून आवरले नाहीत तर आपणहून पुढे धावतात. क्रेसीच्या लढाईत 1346 मध्ये फ्रेंचांचे झाले तेच. स्पर्धेची चौकट बुद्धिबळातूनच परत आली. 1895 मध्ये झुरिकला पहिल्यांदा वापरलेली स्विस पद्धत इथेही लागू झाली: जिंकणाऱ्याची गाठ जिंकणाऱ्याशी, हरणाऱ्याची हरणाऱ्याशी. नंतर 2008 मध्ये बॉडली स्कॉट यांचे ‘फील्ड ऑफ ग्लोरी’ आले, आणि फ्रान्सच्या एर्व्हे काय यांच्या ‘लार द ला गेर’ने युरोपातली बरीच टेबले काबीज केली. नियम बदलले, 40 मिलिमीटरची पट्टी तीच राहिली. त्यामुळे कोणाच्याच फौजा मोडीत निघाल्या नाहीत, आणि माणसे नियम बदलायला तयार झाली तीही त्यामुळेच.

पंचाचे एक राहिले. स्पर्धेच्या दालनात तो आजही असतो. टेबलांमधून फिरतो, दोघांचे अडले तरच बोलतो. पण त्याची जुनी गादी भलत्याच घरात गेली. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी जेफ पेरेन आणि गॅरी गायगॅक्स यांनी 1971 मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन वॉरगेमचे नियम काढले. त्यांच्या मुळाशी बाथ यांचे नियम होते. शेवटी एक पुरवणी जोडली होती. तिच्यात ड्रॅगन, जादूगार आणि एकटाच फौजेला भिडणारा वीर होते. मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांनी ती उचलली, फौज सोडून एकेका वीरावर खेळ आणला, आणि सगळे गुपित ठाऊक असलेला पंच पुन्हा मधोमध बसवला. 1974 मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांचे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडले. राइसविट्झच्या पंचाचा खरा वारस तिथे आहे.

तुम्हाला हे करून पाहावेसे वाटले तर धातूचे सैनिक मागवायची घाई करू नका. पुठ्ठ्याच्या 40 मिलिमीटर रुंद चोवीस पट्ट्या कापा, बारांवर देवगिरीचे यादव लिहा, बारांवर 1296 ची अल्लाउद्दीन खलजीची स्वारी, आणि एक फासा घ्या. पहिल्या सामन्यापुरता एखादा तटस्थ माणूस पंच म्हणून शेजारी बसवा.