तीस किलोची होडी ऑलिंपिकला का पोचली नाही?

इंग्रजीतला ‘डिंगी’ हा शब्द आपल्या उपखंडातून तिकडे गेलेला आहे. हिंदी-बंगालीतली लहान होडी ती डिंगी. ब्रिटिशांनी शब्द उचलला आणि आज जगभरच्या शर्यतींत तोच चालतो. उलट कोकण किनाऱ्यावरचे कितीतरी शब्द बाहेरून येऊन मराठी झाले. नाखवा हा फारसीतला नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. सुकाणू आणि खलाशी अरबीतून आले. समुद्राच्या भाषेत कुणाचं काय, हे वेगळं काढणं तसं अवघडच.

आज ज्या होड्यांविषयी लिहितो आहे, त्यांची गंमत अशी की नाखवा, तांडेल आणि खलाशी ही तिन्ही कामं एकच माणूस करतो. जेमतेम चार मीटर लांबीची शिडाची होडी. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाचा दोर. वारा वाढला की होडी कलते. ती सरळ ठेवायला स्वार आपलं अंग बाहेर, पाण्यावर झोकून देतो. यंत्र नाही, साथीदार नाही. म्हणूनच या होडीचं वजन किती, हा प्रश्न थेट स्वाराच्या शरीराशी जाऊन भिडतो.

२०१९च्या मार्चमध्ये स्पेनच्या वालेन्सियात अशा चार होड्या शेजारी शेजारी उभ्या करण्यात आल्या. लेझर, आरएस एरो, डी-झिरो आणि मेल्जेस १४. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेला ऑलिंपिकसाठी एकाची निवड करायची होती. त्या परीक्षेचा निकाल आणि त्यानंतर घडलेलं वेगळंच, हा क्रीडा इतिहासातला मला फार बोलका वाटणारा प्रसंग आहे. पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

न्हाव्याची होडी, संपादकाची होडी

१९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नौकाशर्यती टॉर्की इथे झाल्या. एकट्याच्या शर्यतीसाठी फायरफ्लाय ही होडी वापरली गेली, जी मुळात दोघांसाठी बांधलेली होती. डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमने तिथे सुवर्णपदक जिंकलं आणि पुढच्या तिन्ही ऑलिंपिकमध्येही जिंकत राहिला.

१९५२च्या हेलसिंकीसाठी नवी होडी आली, फिन. ती रेखाटली होती स्वीडनच्या रिकार्ड सार्बीने. धंद्याने तो केशकर्तनकार. त्याने स्वतः त्याच होडीतून हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. फिन देखणी आणि दमदार होती, पण जड. नुसता सांगाडाच शंभर किलोच्या वर. तिला ताब्यात ठेवायला भारदस्त माणूस लागे. वजन कमी पडलं तर खेळाडू पाण्यात भिजवलेले जाड स्वेटर अंगावर चढवत. पुढे पाठीच्या दुखण्यांमुळे या प्रकाराला आळा घालावा लागला.

फिनची जागा घेण्यासाठी साठच्या दशकात नव्या होडीचा शोध सुरू झाला. त्यातून बॉब मिलर या ऑस्ट्रेलियन रेखाकाराची कंटेंडर ही १९६७ची होडी पुढे आली. हाच मिलर नंतर बेन लेक्सेन या नावाने प्रसिद्ध झाला. कंटेंडरला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, ऑलिंपिक मात्र कधीच मिळालं नाही. फिन टोकियोपर्यंत टिकली. नवी होडी सरस ठरते आणि जुनी जागा सोडत नाही, हे तेव्हाही घडलं होतं.

लेझरचा जन्म याहून साधा. १९६९ साली माँट्रियलच्या इयान ब्रूसने ब्रूस कर्बीला फोन केला. मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी होडी काढता येईल का, असं विचारलं. कर्बी मूळचा कॅनेडियन, नौकानयनाच्या मासिकाचा संपादक आणि स्वतः फिनमधून ऑलिंपिक खेळलेला. बोलता बोलता त्याने कागदावर काही रेघा ओढल्या. त्यातून तयार झालेली होडी १९७१च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये लोकांसमोर आली. शीड ७.०६ चौरस मीटर, सांगाडा सुमारे ५९ किलो, डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि दोन तुकड्यांत. सुट्टीच्या दिवशी मजा करायला काढलेली ही होडी पुढे दोन लाखांहून जास्त बांधली गेली.

तिच्या यशामागे एक कडक नियम होता. सगळ्या होड्या तंतोतंत सारख्या. कुणी स्वतःच्या पैशाने वेगळं शीड शिवून आणायचं नाही, सांगाडा घासून-पुसून वेगवान करायचा नाही. होडी सारखी असेल तर फरक माणसात राहील, ही कल्पना मला मोठी वाटते. गरीब-श्रीमंतांतलं अंतर खेळातून पूर्ण जात नाही, पण या नियमाने ते निदान पाण्यावर तरी कमी केलं. १९९६ला खुल्या गटात आणि २००८ला महिलांसाठी, लहान शिडाच्या रेडियल रूपात, लेझर ऑलिंपिकमध्ये आली.

वालेन्सियातली तुलना

मग नवी होडी हवी कशाला? कारण १९७१ नंतर पदार्थ बदलले. कार्बन फायबर आलं. २०१४ला बाजारात आलेल्या आरएस एरोचा सांगाडा फक्त ३० किलोचा, म्हणजे लेझरच्या निम्मा. डी-झिरोचा पन्नास किलोच्या आत, मेल्जेस १४चा सुमारे ५४. तिन्हींच्या डोलकाठ्या कार्बनच्या.

या आकड्यांचा अर्थ काय? साठ किलो वजनाची मुलगी लेझरमध्ये बसते तेव्हा ती जवळपास स्वतःइतकंच वजन ओढत असते. एरोमध्ये ते ओझं अर्धं होतं. हलका सांगाडा थोड्याशा वाऱ्यातही पाण्यावर उचलला जातो आणि लाटांवरून घसरू लागतो. सुकाणूचा, अंगाचा प्रत्येक हिसका लगेच जाणवतो. किनाऱ्यावर होडी ओढून आणायला चार माणसं शोधावी लागत नाहीत. शिवाय एरोला वेगवेगळ्या मापांची शिडं आहेत. सांगाडा तोच ठेवून ज्याने त्याने आपल्या वजनाला झेपेल ते शीड लावावं. मेल्जेस आणि डी-झिरो आकाराने थोड्या मोठ्या, जरा वजनदार स्वाराला सोयीच्या. लेझरमध्ये पूर्ण शिडासाठी ऐंशी किलोच्या आसपासचा माणूस लागतो, त्यामुळे लहान चणीच्या खेळाडूंना ती नेहमीच जड गेली आहे.

वालेन्सियात वेगवेगळ्या वजनांच्या स्त्री-पुरुष खेळाडूंनी चारही होड्या चालवून पाहिल्या. परीक्षकांनी कौल दिला एरोला. उपकरण समितीनेही तीच शिफारस केली. पण मे महिन्यात लंडनला भरलेल्या परिषदेने शिफारस बाजूला ठेवली आणि लेझर कायम केली.

निकाल चुकला का?

नुसत्या होड्या तोलल्या तर हो. पण परिषदेसमोर एक दुसराही तराजू होता. लेझर जगाच्या कानाकोपऱ्यात आहे. एखाद्या लहान देशाच्या क्लबात पंचवीस वर्षांची जुनी लेझर पडलेली असते. पोरं तिच्यावरच शिकतात. तुटलेला भाग शेजारच्या देशातून मिळतो. ॲल्युमिनियमची डोलकाठी वाकली तर बदलता येते, कार्बनची मोडली तर खिशाला मोठी खार लागते. होडी बदलली असती तर श्रीमंत देशांनी दुसऱ्या दिवशी नव्या होड्यांची मागणी नोंदवली असती आणि बाकीचे काही वर्षं मागे पडले असते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला दोन्ही गटांत ४३-४३ होड्या उतरल्या, त्यात नौकानयनाची श्रीमंत परंपरा नसलेले अनेक देश होते.

आपलंही उदाहरण आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये ओमानच्या मुसन्ना इथे झालेल्या पात्रता स्पर्धेतून नेत्रा कुमानन आणि विष्णू सरवणन हे दोघं टोकियोला गेले, दोघंही लेझर प्रकारातच. नेत्रा ही ऑलिंपिकच्या नौकानयनात पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला. विष्णूचा सराव मुंबईत, लष्कराच्या कुलाब्यातल्या केंद्रात. ऐन तोंडावर होडी बदलली असती तर अशा खेळाडूंचं काय झालं असतं, याचा विचार हलक्या होडीचं कौतुक करणाऱ्यांनीही करायला हवा.

तरीही जुन्याची बाजू घेताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. ‘सर्वांना परवडणारी होडी’ असं म्हणत असताना ती बांधण्याचा हक्क जगातल्या मोजक्या कंपन्यांच्या हातात होता. एका प्रदेशात एकच विक्रेता, मग भाव आणि पुरवठा त्याच्या मर्जीवर. मानधनाच्या वादावरून खुद्द कर्बीला २०१३ला न्यायालयात जावं लागलं. नियमाने होड्या सारख्या ठेवल्या, बाजार मात्र सारखा ठेवला नाही. वालेन्सियातली परीक्षा घ्यावी लागली त्यामागे या मक्तेदारीचा प्रश्नही होता.

म्हणून परिषदेने लेझर ठेवली ती अट घालून. होडी बांधण्याचा हक्क वाजवी शर्तींवर इतरांनाही खुला करायचा. ‘लेझर’ हे नाव व्यापारचिन्हात अडकलेलं, तेव्हा खेळाडूंच्या संघटनेने नावच सोडलं. आज तीच होडी इल्का ७, ६ आणि ४ या नावांनी ओळखली जाते. युरोप-आशियातले नवे कारखाने तिची बांधणी करू लागले. वालेन्सियात डी-झिरो घेऊन उतरलेल्या देवोती कंपनीचाही त्यांत समावेश आहे.

एरो ऑलिंपिकला गेली नाही. तिच्या जागतिक स्पर्धा स्वतंत्रपणे भरतात आणि तिचे चाहते वाढताहेत. पण ती पाण्यात उतरली नसती, तिने आव्हान दिलं नसतं, तर जुन्या होडीचे बंद दरवाजे उघडले असते असं मला वाटत नाही. इतिहासात हरलेल्या बाजूचा हिशेब असाही मांडावा लागतो. पदक कुणाला मिळालं एवढंच पाहिलं तर लेझर जिंकली. पण आज कुणी गरीब क्लब चार विक्रेत्यांकडून भाव मागवून नवी होडी घेत असेल, तर त्या सौद्यात तीस किलोच्या त्या हरलेल्या होडीचाही वाटा आहे.